कॉम्प्युटरला लावलेली हळद

आमच्या खांदा कॉलनीतल्या घरी माळ्यावर एक जुना सीपीयू आहे. त्याच्या डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, चार बोटांचा पिवळा डाग आहे. दर दिवाळीला नवरा शिडीवर चढतो आणि विचारतो, "हे भंगारात देऊया का?" आणि दर दिवाळीला मी त्याच्याकडे अशी बघते की तो मुकाट्यानं खाली उतरतो. तो डाग मी आजवर कुणाला पुसू दिलेला नाही. ती माझ्या आईची बोटं आहेत.

आई धवलारीण होती. बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्याकडे, पनवेल-उरणच्या गावांत, लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, तो धवला. तो गायल्याशिवाय नुसतं हळकुंड उगाळलं तर त्याला आमच्यात कुणी हळद म्हणत नाही. आई एक अक्षर शिकलेली नव्हती आणि अख्खं लग्न तिला तोंडपाठ होतं. दिवसा मिठागरावर राबायची, लग्नसराईत गावोगाव जायची. सोबत माझी मावशी. आई ओळ टाकायची, मावशी त्यावर आपली ओळ गाऊन ती झेलायची. दोघींचा आवाज फाटका होता, खरं सांगते, पण मांडवात सुरू झाल्या की पुरुषमाणसं विड्या विझवायची.

मला त्याची लाज वाटायची. आता कबूल करायला काय जातंय! पनवेलच्या शाळेत मुली विचारायच्या, तुझी आई काय करते? मी सांगायची, घरीच असते. 'नाय'चं 'नाही' केलं, 'हाय'चं 'आहे' केलं, 'आये'ची 'आई' केली. पुढे एका हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क झाले, नवरा मिळाला तोही नोकरीवाला, शांत, पेपर वाचणारा. आई म्हणायची, "तुजी जीभ इस्तरी केलेली हाय गो. मना तिच्यावर बसायला भीती वाटते." आणि स्वतःच हसायची.

मावशी एका दुपारी बसल्या जागी गेली. त्यानंतर आईनं लग्नं घेणं सोडलं. माणसं दारात येऊन विनवायची, ही ढिम्म. मला मात्र दर खेपेला म्हणायची, "तू शिक. तुना कान हाय." आणि दर खेपेला मी म्हणायची, "बघू, मे महिन्यात." असे किती मे महिने गेले त्याची मोजदाद नाही.

मग आईला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी पनवेलजवळ राहायला सांगितलं म्हणून ती दोन महिने आमच्याकडे होती. मी दुपारी घरी आले की कॉम्प्युटरवर शाळेचे फॉर्म भरत बसायची आणि ती शेजारी खुर्ची ओढून बसायची. माझ्या भावाची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. आई म्हणायची, "माज्या नातीच्या हलदीला मीच गानार." आम्ही सगळे हो म्हणायचो. तिचा श्वास ऐकू येत होता आम्हाला.

एके दिवशी परत तेच. "शिकून घे गो."

मी की-बोर्डवरून नजर न उचलता म्हणाले, "वेळ कुठंय आई? त्यापेक्षा मी रेकॉर्ड करून ठेवते. कायमचं राहील."

कायमचं! केवढ्या तोऱ्यात म्हणाले होते. शिकायचं टाळायला माझ्याकडे मशीन होतं, एवढाच त्याचा अर्थ. आईला तो कळला असणार. ती नुसतं "बरा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोनचा माइक तिच्या तोंडासमोर धरला. तोंडाला कुलूप. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"आई, गा ना. चालू आहे."

"हिते लगीन कुनाचा हाय?"

"कुणाचं नाही. नुसतं गायचंय."

"मंग कसा गाऊ? लग्नाबिगर धवला गायला त देवांना खोटा आवतान जाता. ते यायचे न् परत जायचे. मी नाय तसला पाप करनार."

माझं डोकं सटकलं. मी फॉर्म सोडून बसले होते, दूध तापत होतं, आणि हिचे देव परत जाणार म्हणे! मी माइक आपटणार एवढ्यात पेपरामागून नवरा म्हणाला, "मग लग्न लावून टाका की. ह्या दोघांचं." आणि त्यानं मॉनिटर आणि सीपीयूकडे बोट केलं.

मला वाटलं आई आता भडकते. तर ती पुढं वाकून दोघांकडे नीट बघायला लागली, मुलगी बघायला गेल्यासारखी.

"यातला नवरा कोनचा?"

नवरा म्हणाला, "मॉनिटर फक्त तोंड दाखवतो. सगळं काम खालचा डबा करतो, पण कुणाला दिसत नाही."

"मंग तो डबा कसला? ती नवरी हाय," आई म्हणाली. "सगला काम करून दिसत नाय ती बाय. वरती नुसता तोंड दाखवत बसलाय तो नवरा."

नवऱ्यानं पेपर पुन्हा वर केला. आई उठली, स्वैपाकघरात गेली, वाटीत हळद कालवून आणली. मॉनिटरला टिळा लावला, सीपीयूला चार बोटं ओढली आणि की-बोर्डवर अक्षता टाकल्या. त्यातले दोन तांदूळ मोठ्या बटणाखाली अडकले. पुढे वर्षभर मी टाइप करायला लागले की ते बटण कुरकुरायचं.

आणि मग ती गायली. अकरा दुपारी, अकरा धवले. एक ओळ म्हणायची, थांबायची, पुढची म्हणायची, थांबायची. थांबली की माझ्याकडे बघायची आणि हात थोडा पुढं करायची. मी समजायची, विचारतेय रेकॉर्ड होतंय का. मी अंगठा दाखवायची, चालू आहे, चालू आहे. माझं लक्ष स्क्रीनवर हिरव्या रेघा वरखाली होतायत ना, तिकडे. सगळ्या फाईली मी एका फोल्डरमध्ये ठेवल्या. फोल्डरला नाव दिलं, 'आई'.

ती श्रावणात गेली. गावच्या घरी.

त्यानंतर मी ते फोल्डर उघडलं नाही. एकदा उघडलं होतं, पहिली ओळ ऐकली आणि बंद केलं. घरात भाजी चिरताना, पाणी भरताना मला एवढंच पुरायचं, की ती आतल्या खोलीत आहे. कधीही गेलं तर भेटेल. माहेरी फोन करायचा राहून जातो ना, पण तिकडे कुणी उचलणारं आहे हे माहीत असतं, तसं. फार आठवण आली की मी कॉम्प्युटरसमोर जाऊन त्या फोल्डरच्या नावाकडे बघून यायची. आठवण यायची कधीही. दारावर मिठाची गाडी ओरडत गेली तरी यायची, वेडी मी.

भाचीचं लग्न माघात ठरलं. भावाचा फोन आला. "आईनं सांगितलं होतं ना, नातीला मीच गाणार म्हणून. तिचा आवाज आहे तुझ्याकडे. मांडवात तोच लावू." भाची मागून ओरडली, "आत्या, मला दुसरी धवलारीण नको. आजीच पाहिजे." मी म्हणाले, "मी घेऊन येते आईला."

आता माझा मूर्खपणा सांगते. आईचा आवाज लग्नाच्या दिवसापर्यंत कुणाच्या हाती द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं. भावाच्याही नाही. दुसरी प्रत काढली नाही. अकरा दुपारी मी खर्ची घातल्या, आता मीच नेणार, मीच लावणार, असा माझा मानपान! पण गावच्या डीजेवाल्याच्या पेटीला पेनड्राइव्ह चालतो की नाही ते तर बघायला हवं. म्हणून लग्नाच्या आठ दिवस आधी मी एका रिकाम्या पेनड्राइव्हवर एक भजन टाकलं आणि गावी गेले. डीजेवाल्यानं पेनड्राइव्ह त्याच्या लॅपटॉपला लावला. त्या लॅपटॉपला अख्ख्या तालुक्यातल्या हळदींतले पेनड्राइव्ह लागून गेलेले. भजन दणक्यात वाजलं. मी खूश. घरी आले आणि तोच पेनड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला खुपसला.

सकाळी बघते तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण. शाळेच्या फोल्डरवर क्लिक केलं, एक काळी खिडकी लपकन उघडून बंद झाली. 'आई'वर केलं, तेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "व्हायरस असेल. घाई करू नकोस." घाई करू नकोस म्हटलं की माझ्या अंगात येतं. मी फुकटचा अँटीव्हायरस उतरवून घेतला, तो तासभर फिरला आणि लाल अक्षरांची ही लांबलचक यादी दाखवली. खाली बटण होतं, सगळं काढून टाका. मी दाबलं.

मग आत जाऊन बघितलं. काही नाही. शाळेचं नाही, फोटो नाहीत, 'आई' नाही. पांढरी खिडकी.

मी ओरडले का रडले आठवत नाही. नवरा सांगतो की मी म्हणाले, "मी मारलं तिला." मला ते आठवायचंही नाही.

कॉलनीतलाच एक कॉम्प्युटरवाला घरी बोलावला. चांगला पोक्त गृहस्थ, खिशाला दोन पेनं. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. सगळं साफ करून नवीन टाकतो, एकदम फ्रेश." मी विचारलं, आतलं? तो म्हणाला, "आतलं काय राहिलंय मॅडम? गाणीबिणी काय, परत डाउनलोड करा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चहा प्या आणि निघा," मी म्हणाले. चहासुद्धा दिला नाही, नुसतं म्हणाले.

नवऱ्याला एक नाव सुचलं. पनवेल एसटी स्टँडच्या मागं, जिन्यावर, रेडिओ-टेप दुरुस्तीचं जुनं दुकान होतं. तिथले मालक बरीच वर्षं आखातात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होते, परत येऊन आता कॉम्प्युटरही बघायचे. मी सीपीयू आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं पहिला स्पीडब्रेकर असा उडवला की मी किंचाळले, "हळू चालव रे, पेशंट आहे!" त्यानं आरशात बघितलं, गोधडी बघितली आणि पुढं स्टँडपर्यंत बिचारा चालतच नेल्यासारखा आला.

दुकानदार साठीचे. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग अडकवलेलं. मी एका दमात सगळं सांगितलं, धवला, भाची, माघ, लाल यादी, बटण. लग्नाला चार दिवस राहिलेत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "फॉरमॅट नाही ना केलं कुणी?"

"करणारा आला होता. हाकलला."

"बहोत अच्छे. आता तसल्ली ठेवा ताई. बसा."

गोधडी सोडून त्यांनी सीपीयू बाहेर काढला, आडवा ठेवला आणि सवयीनं हातातलं फडकं त्या पिवळ्या डागावर टेकवलं.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालच्या रसवाल्यानं मान वर केली. "ते पुसू नका. ती हळद आहे."

"मशीनला हळद?"

"लग्न लावलं होतं त्याचं. मोठी गोष्ट आहे."

त्यांनी फडकं गपचूप खिशात घातलं. मग स्क्रू काढून आतली हार्डडिस्क बाहेर काढली, आपल्या कॉम्प्युटरला दुसरी म्हणून जोडली. म्हणाले, "हिला स्वतःच्या पायावर चालू द्यायचं नाही अजून. चालली की आतला व्हायरस पण चालतो. आधी झोपलेलीच तपासू." त्यांचा अँटीव्हायरस दोन तास फिरला. मी स्टुलावर. खाली एसट्यांचे हॉर्न, पळस्पे, पेण, अलिबाग ओरडणारे कंडक्टर. मला वाटत होतं आईला आत घेतलंय आणि मी बाहेर बसलेय. तशी मी दोन वर्षांपूर्वी खरंच बसले होते, पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात.

वेळ घालवायला असेल, ते बोलायला लागले. आखातात होते तेव्हा फोन महाग, म्हणून घरचे कॅसेट भरून पाठवायचे. त्यांची अम्मी बोलायची, कोंबड्या किती झाल्या, कुणाचा निकाह झाला, मधेच शेजारणीला हाक मारायची. एक बाजू पूर्ण. ते रोज रात्रपाळीहून आले की ऐकायचे. "मग माझं लग्न ठरलं," ते म्हणाले. "बीवीला गाणी भरून पाठवायची होती. कोरी कॅसेट मिळाली नाही, बाजार बंद. जी हाताला लागली तिच्यावर भरली. म्हटलं, अम्मी काय, दुसरी पाठवेल." ते भिंग पुसत बसले. "नाही पाठवली. त्याच्या आधीच गेली."

मी म्हणाले, "पाणी देऊ का?" त्यांच्याच दुकानात त्यांनाच.

तपासणी संपली. व्हायरस निघाला म्हणाले. त्यांनी माझा ड्राइव्ह उघडला. पांढरी खिडकी. रिकामी.

ते मात्र स्क्रीनच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत होते. "ताई, इकडे या. ही निळी पट्टी बघा. आत काहीच नाही म्हणतो, आणि निम्म्याहून जास्त भरलाय असंही म्हणतो. काही नाही तर मग एवढी जागा कुणी अडवलीय?"

"म्हणजे?"

"म्हणजे आहे. हा व्हायरस पुसत नाही, लपवतो. खरे फोल्डर अंधारात ढकलतो आणि त्यांच्या नावाचे खोटे पुढं उभे करतो. तुम्ही काढले ते खोटे. खरे तिथंच बसलेत. लोक रिकामं बघतात आणि घाबरून फॉरमॅट मारतात. तेव्हा मात्र खरंच जातं."

त्यांनी काळी खिडकी उघडून एक ओळ टाइप केली. मी हात जोडले, का ते माहीत नाही, जोडले. पांढऱ्या खिडकीत एकेक फोल्डर उमटायला लागलं. आधी फिक्कट, धुक्यात असल्यासारखं, मग नीट पिवळं. शाळा. फोटो. आई.

मी तोंडाला पदर लावला. ते म्हणाले, "थांबा, आत बघू दे." अकरापैकी नऊ उघडल्या. दोन काही केल्या उघडेनात. "हळदीची?" मी विचारलं. हळदीची उघडलेल्यांत होती.

त्यांनी पंखा बंद केला आणि ती लावली. आई. तो फाटका आवाज, आणि त्याच्या खाली छातीतली शिट्टी. हळद कुठून आली, कुणी आणली, कुणी दळली, असं ती विचारत होती. एक ओळ झाली आणि आवाज बंद.

ते पुढं वाकले. "गेला वाटतं. करप्ट आहे."

तोवर दुसरी ओळ आली. पुन्हा बंद. पुन्हा तिसरी.

"मधे मधे कोरं आहे ताई. कापून सलग करून देऊ? मांडवात बरं वाटेल."

"नको!" मी म्हणाले. "आता कशाला हात लावू नका. तिला धाप लागायची. दम घ्यायला थांबत होती."

त्यांनी तीन सीड्या करून दिल्या. दोन माझ्या हातात ठेवल्या आणि तिसरी ड्रॉवरमध्ये टाकली. "ही इथंच राहू दे. तुमच्या अम्मी पाहुण्या आहेत म्हणा माझ्याकडे."

घरी येऊन मी नवऱ्यासमोर हळदीचा धवला लावला. चौथ्या ओळीला मी एवढी रडायला लागले की त्यानंच बंद केला. आजारी बाईला मी अकरा दिवस गायला लावलं, दर ओळीमागे दम घ्यायची तिला वेळ यायची, आणि मी अंगठे दाखवत होते! हे मला खात होतं. नवरा म्हणाला, "तिला हौस होती."

हळदीचा दिवस. भावाच्या दारात मांडव. पुढच्या रांगेत गावातल्या म्हाताऱ्या, आईबरोबर मिठागरावर गेलेल्या. भाची पाटावर, पिवळ्या साडीत. मी डीजेवाल्याच्या हातात सीडी दिली आणि म्हटलं, "ह्यात दुसरं काही मिसळलंस तर याद राख." मग भाचीच्या शेजारी जाऊन बसले.

मोठ्या पेट्यांतून आई आली. पहिली ओळ झाली, आणि शांतता. डीजेवाला वायरी हलवायला धावला. दुसरी ओळ आली. शांतता. भावानं माझ्याकडे बघितलं, बिघडलंय का? मी मान हलवली, नाही, तशीच आहे ती.

तिसरी ओळ. शांतता. आणि मला दिसलं की पुढच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या पेट्यांकडे बघतच नाहीयेत. त्या माझ्याकडे बघतायत. त्यांतली एक, अगदी वाळलेली, मला ओरडली, "अगो, झेल ना! ती टाकते न् तू बगत काय बसलीस?"

चौथी ओळ आली. आणि मग ती जागा.

मला धाप वगैरे काही ऐकू आलं नाही. मला तिचा पुढं केलेला हात दिसला. ती एकेक ओळीनंतर बरोब्बर एका ओळीएवढी थांबत होती. छातीत श्वास मावत नसताना, मोजून. अकरा दुपारी तिनं माझ्यासाठी जागा सोडली होती, हात पुढं करून बोलावलं होतं, आणि मी अंगठा दाखवला होता. चालू आहे, चालू आहे.

मी तोंड उघडलं. कशी कुणास ठाऊक, ओळ आली. बेसूर, चिरकी, पण आली. माझी ओळ संपली आणि त्याच क्षणी तिची पुढची सुरू झाली, जराही थांबली नाही, जराही आधी आली नाही. पाचवी झेलली. सहावी झेलली. सातवीला शब्द सुटले तर म्हाताऱ्यांनी मागून उचलली. भाचीच्या गालाला हळद लागत होती आणि ती रडतही होती, हसतही होती. असा अख्खा धवला झाला, आईचा आणि माझा. निम्मा मी झेलला, निम्मा त्या बायकांनी.

शेवटची ओळ झाली तरी सीडी चालूच होती. मी कधी तिथवर ऐकलंच नव्हतं. पेट्यांतून आईचा खोकला आला, मग पाण्याच्या तांब्याचा आवाज, मग ती म्हणाली, "आला का गो तुना?"

आणि लगेच माझा आवाज, घाईचा, इस्त्रीचा, अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढा मोठा. "आलं, आलं. बंद करते आता."

खट्. मांडवात काहीजण हसले. त्यांना काय माहीत.

मी पेटीकडे बघून म्हणाले, "अर्धाच आला गो, आये."